ओट्स वाढवूनही स्टाउट पातळ आणि आंबट-कडू लागते? आधी पाणी तपासा

तक्रार ठरलेली असते. ओटमील स्टाउट (ओट्स घातलेली काळी बिअर) बनवली, रंग काळाभोर आला, फेसही बरा आला, पण घोट घेतला की पाणचट. जिभेच्या कडांना आंबट लागते आणि गिळल्यावर घशात राखेसारखा कडवटपणा मागे राहतो. मग पुढच्या खेपेला ओट्स वाढवले जातात. दहा टक्क्यांचे पंधरा होतात, पंधराचे वीस. मॅश (गरम पाण्यात भिजवलेलं धान्य) तुंबतो, अख्खी दुपार गाळण्यात जाते आणि चव होती तिथेच राहते. त्यानंतर कोणीतरी लॅक्टोज (दुधातली साखर) घालायला सांगतं, आणि आंबट-जळक्या स्टाउटवर गोडीचा थर चढतो.

मुंबईत बनवणाऱ्यांकडून हे इतक्या वेळा ऐकू येतं की माझं मत आता पक्कं झालं आहे: ओट्सच्या पिशवीला हात लावण्याआधी मॅशचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) मोजा. बहुतेक वेळा तो घसरलेला, म्हणजे मॅश जास्त आंबट असतो. तसा असेल तर ओट्सनी काहीही सुधारणार नाही.

कायद्याचंही आधीच सांगतो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय बिअर बनवता येत नाही, मग ती घरच्यासाठी का असेना. मी हे प्रयोग एका परवानाधारक मायक्रोब्रुअरीत, चाचणीसाठी ठेवलेल्या लहान भांड्यावर करतो. पुढचे आकडे २० लिटरचे, म्हणजे घरगुती मापाचेच आहेत. घरी बनवायला मुभा असलेल्या देशांतल्या मराठी मंडळींना ते तसेच वापरता येतील. फक्त पाणी तिथलं तपासावं.

आधी आंबटपणा कुठला ते ओळखा

आंबट लागली की पहिला संशय जंतुसंसर्गावर जातो. तो ओळखणं अवघड नाही. संसर्गाचा आंबटपणा दिवसागणिक वाढतो, हायड्रोमीटरचा (घनता मोजणाऱ्या नळीचा) आकडा घसरायचा थांबायचं नाव घेत नाही, वर पातळ साय धरते आणि बाटली उघडली की फेस उसळून बाहेर येतो. पीएचचा आंबटपणा मात्र पहिल्या दिवसापासून असतो आणि तेवढाच राहतो. त्यामुळे मॅश गाळून झाल्यावर वर्ट (गाळून निघालेलं गोड पाणी) थंड करून चमचाभर चाखायची सवय लावून घ्या. स्टाउटचा वर्ट गोड आणि कॉफीसारखा लागला पाहिजे. गोडीच्या आड लिंबासारखी धार जाणवली, तर दोष तिथेच शिरलेला आहे, फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) नाही.

बाटलीत भरून झालेल्या बिअरचीही परीक्षा घेता येते, आणि शंका असणाऱ्या प्रत्येकाला मी हीच करायला सांगतो. १०० मिलिलिटर पाण्यात १ ग्रॅम खायचा सोडा विरघळवा. दोन पेल्यांत १००-१०० मिलिलिटर स्टाउट ओता आणि ढवळून वायू घालवा. एका पेल्यात सोड्याचं हे पाणी ड्रॉपरने अर्धा-अर्धा मिलिलिटर घालत जा आणि दर वेळी दुसऱ्या पेल्याशी चव ताडून पाहा.

मुलुंडचा एक मित्र मागे अशीच बाटली घेऊन आला होता. ओट्स अजून किती वाढवू, एवढंच त्याला विचारायचं होतं. पहिल्या अर्ध्या मिलिलिटरला त्याने मान हलवली, फरक नाही म्हणाला. दुसऱ्याला थांबला. तिसऱ्यानंतर पेला पुन्हा नाकाशी नेला, मोठा घोट घेतला आणि म्हणाला, "अरे, हिला तर चॉकलेटचा वास आहे!" चॉकलेट माल्ट (मोड आणून गडद भाजलेली बार्ली) त्याने घातलेलंच होतं, आंबटपणाने ते झाकून टाकलं होतं. दाटपणाही वाढल्यासारखा वाटला, आणि ओट्स तर तेवढेच होते. तुमच्या पेल्यात असंच झालं तर निदान झालं म्हणून समजा. काहीच फरक पडला नाही आणि नुसती खारट चव आली, तर पुढचा यीस्ट आणि उष्णतेचा भाग वाचा.

मुंबईच्या पाण्यात नेमकं काय होतं

भातसा, तानसा, मोडक सागर, अप्पर आणि मध्य वैतरणा, विहार, तुळशी. मुंबईचं पिण्याचं पाणी या सात जलाशयांतून येतं. सगळं पावसाचं, बेसॉल्टच्या डोंगरांवरून वाहून आलेलं. चुनखडीशी त्याची गाठ पडत नाही, म्हणून ते मऊ असतं. डाळ छान शिजते, साबणाला फेस चांगला येतो. पण त्यात बायकार्बोनेट कमी, म्हणजे आम्ल पोटात घ्यायची ताकद कमी.

काळी, भाजलेली धान्यं आम्लधर्मी असतात. रोस्टेड बार्ली, चॉकलेट माल्ट, ब्लॅक माल्ट ही सगळी मॅशचा पीएच खाली ओढतात, क्रिस्टल माल्टही (कॅरमलसारखं गोड माल्ट) त्यात भर घालतं. लंडनच्या जुन्या विहिरींचं पाणी चुनखडीच्या थरांतून यायचं. त्यातल्या बायकार्बोनेटमुळे हे आम्ल मारलं जायचं, आणि पोर्टर-स्टाउटसारख्या काळ्या बिअर तिथे जमल्या त्यामागचं हे एक मोठं कारण आहे. तुम्ही जेव्हा इंग्लंड-अमेरिकेतली एखादी रेसिपी उचलता, तेव्हा ती लिहिणाऱ्याच्या नळाचं पाणी तिच्यात गृहीत धरलेलं असतं. आपल्या नळाचं पाणी तसं नाही.

त्यात भर आरओची. घरोघरी आरओ मशीन असतं आणि "शुद्ध पाणी वापरलं" हे लोक मोठ्या विश्वासाने सांगतात. फिकट लागरला ते उत्तम. स्टाउटला नाही, कारण उरलंसुरलं बायकार्बोनेटही त्यात निघून जातं. त्यावर कोणी इंटरनेटवर वाचून जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) घातलं, तर जिप्सममधलं कॅल्शियम पीएच आणखी खाली नेतं आणि सल्फेट कडवटपणाला धार लावतं. आरओचं पाणी, १३-१४ टक्के भाजकं धान्य, अर्धा किलो क्रिस्टल आणि वर जिप्सम, एवढं एकत्र आलं की मॅश ५.१ च्या आसपास उतरू शकतो. स्टाउटसाठी मला तो ५.४ ते ५.६ च्या दरम्यान हवा असतो.

आता "मागच्या वेळी त्याच रेसिपीने छान झाली होती, या वेळी बिघडली" या कोड्याचंही उत्तर इथेच आहे. एप्रिल-मे महिन्यांत पाणीकपात लागली की अनेक सोसायट्या टँकर मागवतात किंवा बोअरवेलचं पाणी टाकीत सोडतात. ते पाणी जड असतं. योगायोगाने स्टाउटला ते मानवतं आणि उन्हाळ्यातली बॅच गोलसर उतरते. पावसाळ्यात पुन्हा तलावाचं मऊ पाणी आलं की तीच रेसिपी आंबट. लोक यीस्टला दोष देतात, माल्टच्या दुकानदाराला दोष देतात, पण टाकीत काय आलंय ते कोणी पाहत नाही.

टीडीएस मीटर यासाठी पुरत नाही. तो एकूण क्षार सांगतो, बायकार्बोनेट किती ते सांगत नाही. त्यापेक्षा मत्स्यालयाच्या दुकानातून केएच (पाण्यातल्या बायकार्बोनेटचं माप) मोजायचं थेंबांचं किट आणा. क्रॉफर्ड मार्केटच्या पाळीव प्राण्यांच्या गल्लीत विचारा. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, थेंब मोजत रंग बदलेपर्यंत टाकायचे. बहुतेक किटांत एक थेंब म्हणजे एक अंश, आणि एक अंश म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅम. दोन-तीन थेंबांत रंग बदलला तर पाणी मऊ. आठ किंवा त्याहून जास्त लागले तर सोड्याचा विचारही नको, पाणी स्वतःच ते काम करतंय.

पीएच वर कसा आणायचा

पीएच ही मोजपट्टी मुळात बिअरच्याच घरात जन्मली. १९०९ मध्ये सोरेन्सनने ती कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. मला हे फार योग्य वाटतं, कारण ब्रुइंगमधल्या इतक्या गोष्टी या एका आकड्याला टांगलेल्या आहेत. मोजायला रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या नकोत, काळ्या वर्टमध्ये त्या वाचताच येत नाहीत. साधा डिजिटल मीटर घ्या आणि दर खेपेला ४ आणि ७ च्या द्रावणांत तो जुळवून घ्या. धान्य पाण्यात मिसळल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी चमचाभर वर्ट काढा, बशीत ओतून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच मोजा. गरम वर्टमध्ये आकडा ०.२ ते ०.३ ने कमी दिसतो आणि इलेक्ट्रोडही लवकर खराब होतो.

आकडा ५.३ च्या खाली असेल तर खायचा सोडा. बेकिंग पावडर नव्हे, निव्वळ सोडा. खाली दिलेल्या रेसिपीच्या मापात १ ग्रॅम सोडा पीएच साधारण ०.०५ ते ०.०७ ने चढवतो. गरम पाण्यात विरघळवून घाला, नीट ढवळा, पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. १५ लिटर मॅशच्या पाण्यात ३ ग्रॅम घातला तर सोडियम लिटरमागे ५५ मिलिग्रॅमच्या आसपास जातं, तेवढं चवीला पोषकच आहे. ४ ग्रॅमच्या वर मी जात नाही. त्याहून जास्त लागत असेल तर रेसिपीत भाजकं धान्य जास्त झालंय. किती सोडा लागला ते लिहून ठेवा आणि पुढच्या खेपेला तो सुरुवातीलाच पाण्यात घाला. स्टार्चची साखर होण्याचं बरंचसं काम पहिल्या अर्ध्या तासात उरकतं, तेव्हा उशिरा घातलेला सोडा चव सावरतो, पण मॅशला त्याचा उपयोग कमी. खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, अनेक जुन्या रेसिपींत दिसते. ती पाण्यात नीट विरघळतच नाही, सोडून द्या.

सोडा फक्त मॅशच्या पाण्यात. स्पार्जच्या पाण्यात (मॅशनंतर धान्य धुवायच्या पाण्यात) घातला तर धान्याच्या सालांतून तुरट टॅनिन उतरेल आणि जीभ कोरडी पडेल. ते पाणी आरओचं किंवा नळाचं तसंच वापरा, ७६ अंशांच्या वर नेऊ नका.

सोड्याच्या वाटेला जायचं नसेल तर दुसरी चांगली रीत आहे. फिकट माल्ट, ओट्स आणि क्रिस्टलचाच मॅश करा, आणि भाजकं धान्य शेवटच्या पंधरा मिनिटांत वर पसरून मिसळा. किंवा ते आदल्या रात्री दोन लिटर थंड पाण्यात भिजवून फ्रिजमध्ये ठेवा (मुंबईच्या उकाड्यात ओट्यावर ठेवू नका) आणि गाळलेला काढा उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत घाला. असं केल्यावर स्टाउट मऊ आणि कॉफीकडे झुकणारी होते. भाजक्या धान्याची ती खरपूस किनार मात्र कमी होते, म्हणून मी स्वतः सगळं एकत्र मॅश करून सोडा वापरणंच पसंत करतो.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन विसरू नका. ते यीस्टने तयार केलेल्या फिनॉलशी मिळालं की औषधाच्या बाटलीसारखा वास येतो. ३० लिटर पाण्याला पाव ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट पुरतं, दोन मिनिटांत काम होतं.

२० लिटरची रेसिपी

फिकट माल्ट ३.६ किलो, ओट्स ६०० ग्रॅम, मध्यम रंगाचं क्रिस्टल माल्ट ३५० ग्रॅम, चॉकलेट माल्ट २५० ग्रॅम, रोस्टेड बार्ली २५० ग्रॅम. एकूण ५ किलोपेक्षा थोडं जास्त. ओट्स १२ टक्के, भाजकं धान्य १० टक्के. मॅशला पाणी १५ लिटर, तापमान ६८ अंश, वेळ एक तास. आपल्याकडे धान्य मुळात ३० अंशांवर असतं, त्यामुळे पाणी ७३ अंशांना घेतलं तरी पुरतं. थंड देशांतल्या आकडेमोडीने ते थोडं जास्त निघतं. हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) एकदाच: ५ टक्के अल्फा आम्लाचे ईस्ट केंट गोल्डिंग्ज ५० ग्रॅम, ६० मिनिटं, म्हणजे कडवटपणा ३० आयबीयूच्या (कडवटपणाच्या एककाच्या) आसपास. धान्यातल्या साखरेचा ७० टक्के उतारा धरला तर सुरुवातीची घनता १.०५२ येते, शेवटची १.०१५ च्या जवळ, अल्कोहोल ५ टक्क्यांना किंचित कमी. कॅल्शियम क्लोराइड ४ ग्रॅम, पण मॅशमध्ये नाही, उकळीत. क्लोराइडने चव भरते, आणि मॅशचा पीएच उगाच खाली जात नाही.

ओट्स कुठले? नाश्त्याचे साधे चपटे ओट्स. ते वाफवून दाबलेले असतात, थेट मॅशमध्ये चालतात. मसाल्याचे, साखरेचे नकोत. स्टील कट असतील तर आधी पेजेसारखे शिजवून घ्या. मी चपटे ओट्स कढईत मंद आचेवर परततो, लाडवाचं बेसन भाजताना वास बदलतो ना, तसा वास बदलेपर्यंत. रंग बदामी व्हायच्या आत उतरवायचे. कागदी पिशवीत दोन-तीन दिवस ठेवले की भाजल्याचा उग्रपणा जातो आणि बिस्किटासारखा सुवास राहतो. एवढ्या एका गोष्टीने स्टाउटमध्ये ओट्स आहेत हे पिणाऱ्याला कळतं. १२ टक्क्यांच्या वर जायची मला गरज वाटलेली नाही. ओट्समध्ये तेल असतं, ते जास्त झालं की फेस बसतो, आणि बीटा-ग्लुकन या त्यांच्यातल्या तंतूमुळे मॅश चिकट होतो. गाळणी तुंबू नये म्हणून मूठ-दोन मुठी भाताचं तूस स्वच्छ धुऊन मिसळा. कर्जत-पनवेलकडच्या भातगिरणीत ते मिळतं.

भाजकं धान्य मिक्सरमध्ये पीठ होईपर्यंत फिरवू नका. जाडसर भरड हवी. पिठाने कडवटपणा झपाट्याने उतरतो.

पीएच बरोबर आहे, तरी पातळच

मग शेवटची घनता पाहा, आणि ती बरोबर वाचा. हायड्रोमीटर बहुधा २० अंशांना जुळवलेला असतो. ३० अंशांच्या बिअरमध्ये तो दोन-तीन अंकांनी कमी दाखवतो. म्हणजे मुंबईच्या खोलीत १.०१२ दिसलं तर खरी घनता १.०१४-१५ आहे, आणि स्टाउट मुळात पातळ नाहीच.

खरोखर १.०१० वर गेली असेल तर दोन जागा तपासा. थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरा. मुंबई समुद्रसपाटीला आहे, १०० अंश दाखवलेच पाहिजेत. तो चुकत असेल तर तुमचा ६८ अंशांचा मॅश प्रत्यक्षात ६४ चा असू शकतो, आणि तिथे बीटा-अमायलेझ हे माल्टमधलं विकर जवळपास सगळंच आंबवण्याजोगं करून टाकतं. दुसरं म्हणजे यीस्ट. सहज मिळतं म्हणून अनेक जण अमेरिकन एल यीस्ट वापरतात. ते साखर कसून खातं. ओटमील स्टाउटला इंग्लिश जात हवी. विंडसर हे यीस्ट मला सर्वांत आवडतं, कारण त्याला माल्टोट्रायोज ही साखर पचत नाही आणि दाटपणा मागे राहतो.

उष्णतेबद्दल थोडक्यात. फर्मेंटरमधली बिअर १९-२० अंशांवर ठेवायची आहे, खोली नव्हे. यीस्ट कामाला लागलं की आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा तीन-चार अंश वर जातं. ३० अंशांच्या खोलीत ठेवलेल्या स्टाउटमध्ये जे तिखट, डोकं धरणारं अल्कोहोल तयार होतं ते कुठल्याही ओट्सने झाकत नाही. ओलं फडकं गुंडाळण्याचा उपाय कोरड्या हवेचा आहे. जुलैतल्या मुंबईत पाणी वाळतच नाही, मग गारवा कुठून येणार? टबात फर्मेंटर ठेवून बर्फाच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला, किंवा जुन्या फ्रिजला तापमान नियंत्रक जोडा. पहिले चार दिवस जपले तरी बरंच साधतं.

शेवटचं, वायू. स्टाउटमध्ये तो कमीच शोभतो. जास्त झाला तर कार्बोनिक आम्लाची धार पुन्हा तोच पातळ-आंबट भास देते. तीन दिवसांच्या अंतराने घनता सारखी आली याची खात्री करूनच बाटल्या भरा, आणि २० लिटरला साधी साखर १०० ते ११० ग्रॅम, त्याहून जास्त नाही. दोन आठवडे तरी थांबा. पिताना फ्रिजमधून काढून वीसेक मिनिटं बाहेर ठेवा. दहा-बारा अंशांना आली की ओट्सचा मऊपणा जिभेला कळतो, चार अंशांना नाही. अजूनही आंबट लागली, तर केएचचे थेंब, मॅशचा पीएच आणि शेवटची घनता हे तीन आकडे घेऊन विचारा, मी उत्तर देईन. नुसतं "पातळ लागते" एवढ्यावरून काही सांगता येत नाही.